मदत उताऱ्याला, नुकसान कसणाऱ्याचे

महादेवपुरा हे नाव दिल्लीच्या राजकीय वर्तुळात सर्वतोमुखी झाले ते ७ ऑगस्ट २०२५ रोजी. लोकसभेतील विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी त्या दिवशी पत्रकार परिषद घेऊन बंगळुरू मध्य लोकसभा मतदारसंघातील या विधानसभा क्षेत्राच्या मतदारयादीवर बोट ठेवले आणि एक लाखाहून अधिक मतांची चोरी झाल्याचा आरोप केला. निवडणूक आयोगाने तो फेटाळला. यादीत कोण आहे, कोण नाही आणि जे आहेत ते खरोखर त्या पत्त्यावर राहतात काय, यावर पुढे संसदेच्या आवारात बरीच घोषणाबाजी झाली. त्या वादात येथे शिरायचे नाही. परंतु याच महादेवपुऱ्याने आणि त्याला लागून असलेल्या ग्रामीण पट्ट्याने २०२० आणि २०२१ मध्ये आणखी एक यादी अनुभवली होती. ती होती महासाथीच्या काळात सरकारी साह्य मिळालेल्या शेतकऱ्यांची. त्या यादीतही नावे होती आणि नावांमागची माणसे जागेवर नव्हती. जागेवर माणसे होती आणि त्यांची नावे नव्हती. तिच्यासाठी मात्र कोणी पत्रकार परिषद घेतली नाही.

बंगळुरूच्या पूर्वेचा हा भाग मराठी वाचकाला मुख्यत्वे संगणक कंपन्यांमुळे ठाऊक आहे. व्हाइटफील्ड, बेलंदूर, वर्तूर, हूडी ही नावे पुण्या-सोलापुराकडच्या घरांत आता नातेवाइकांच्या पत्त्यांत सापडतात. २००७ पर्यंत महादेवपुऱ्याला स्वतःची नगरपालिका होती. ती त्या वर्षी बंगळुरू महापालिकेत विलीन झाली. २००८ च्या फेररचनेत अनुसूचित जातींसाठी राखीव असा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून हा भाग नव्या बंगळुरू पूर्व महापालिकेत आहे. पूर्वेकडची हद्द ओलांडली की बंगळुरू ग्रामीण जिल्ह्याचा होसकोटे तालुका लागतो. काचेच्या इमारती संपतात आणि भाजीपाल्याचे, फुलांचे वाफे सुरू होतात. मधल्या पट्ट्यात दोहोंची सरमिसळ आहे.

अशा पट्ट्यात ‘शेतकरी’ हा शब्द उच्चारला की किमान तीन वेगवेगळी माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात. पहिला जमिनीचा मालक. त्याचे उत्पन्न भाड्याच्या खोल्यांतून वा दुकानातून येते आणि जमीन तो योग्य भावाची वाट पाहत राखून असतो. दुसरा त्या राखून ठेवलेल्या जमिनीत वर्षाच्या तोंडी बोलीवर पालेभाजी, झेंडू, शेवंती काढणारा. बी त्याचे, खत त्याचे, मजुरी त्याच्या घरची आणि तोटाही त्याचाच. तिसरा बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर वा सोलापूरकडचा कोरडवाहू खातेदार. गावी त्याची दोन-तीन एकर जमीन आहे आणि तो येथे पत्र्याच्या वस्तीत राहून टोलेजंग इमारतींच्या स्लॅबवर काम करतो. औराद, भालकी या सीमाभागातील तालुक्यांतून आलेला असेल तर तो घरात मराठीच बोलतो. महासाथीच्या साह्याने या तिघांना कसे वागवले, हे पाहण्यासाठी महादेवपुऱ्याहून सोयीची जागा नाही.

२५ मार्च २०२० हा देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. आपल्याकडे त्या दिवशी गुढीपाडवा होता, कर्नाटकात युगादी. फुलशेती करणारा वर्षभर ज्या चार-पाच दिवसांवर नजर ठेवून लागवडीचे वेळापत्रक आखतो, त्यांपैकी हा एक. तोडणीला आलेली फुले शेतात आणि बाजार बंद, अशी अवस्था झाली. पुढे देवळे बंद, विवाह बंद, रामनवमीही गेली. भाजी निदान गल्लोगल्ली हातगाडीवर विकता येते, मक्याची पोती थोपवून धरता येतात. शेवंतीला दोन दिवसांचेही आयुष्य नसते. शेतकऱ्यांनी उभ्या पिकात नांगर घातला, जनावरे सोडली.

राज्य सरकारने हे पाहिले नाही असे म्हणता येणार नाही. मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांनी ६ मे २०२० रोजी १,६१० कोटी रुपयांचे साह्य जाहीर केले आणि त्यात फुलशेतीचा स्वतंत्र उल्लेख होता. हेक्टरी २५ हजार रुपये, कमाल मर्यादा एक हेक्टर. परीट आणि नाभिक यांना प्रत्येकी ५ हजार, रिक्षा आणि टॅक्सीचालकांना ५ हजार, नोंदणीकृत बांधकाम मजुरांना आधी दिलेल्या २ हजारांखेरीज आणखी ३ हजार. पिकाचे नाव घेऊन, व्यवसायाचे नाव घेऊन रोख रक्कम देण्याचा हा प्रयत्न त्या काळात उठून दिसला. महाराष्ट्राने एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध लावताना सुमारे ५,४७६ कोटींचे साह्य जाहीर केले तेव्हा त्यात बांधकाम मजूर, परवानाधारक रिक्षाचालक, फेरीवाले यांना प्रत्येकी दीड हजार रुपये होते; तो भर मुख्यतः शहरातल्या हातावर पोट असणाऱ्यांवर होता. त्या तुलनेत बंगळुरूच्या सचिवालयाला फुलांची आठवण झाली, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

तथापि आकडे मांडले की चित्र बदलते. सरकारनेच सांगितलेले फुलांखालचे क्षेत्र ११,६८७ हेक्टर. सगळ्या क्षेत्राला पूर्ण दराने पैसे दिले तरी ती रक्कम तीस कोटींच्या आत राहते. रिक्षा-टॅक्सीचालकांची संख्या पावणेआठ लाख धरली होती; त्यांचा वाटा ३८७ कोटींच्या वर जातो. चालकांना अधिक का दिले, अशी तक्रार नाही. मुद्दा असा की फुलशेतकऱ्याला दिलेले साह्य शीर्षकात मोठे आणि तिजोरीवर हलके होते. शिवाय ते हेक्टरी होते. शहराच्या कडेला फुले करणारा माणूस हेक्टरात शेती करत नाही, गुंठ्यांत करतो. दहा गुंठे शेवंतीच्या धन्याला या दराने सुमारे अडीच हजार रुपये येतात. त्यात रोपांचा खर्चही निघत नाही.

आठवडाभरात दुसरी घोषणा झाली. फळे आणि भाजीपाला उत्पादकांना हेक्टरी १५ हजार आणि मका उत्पादकांना प्रत्येकी ५ हजार. मक्याचे दहा लाख शेतकरी, म्हणजे ५०० कोटी. येथे एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे. मक्याचे साह्य माणशी होते, क्षेत्रानुसार नव्हते. अर्ध्या एकरवाल्यालाही तेवढेच आणि दहा एकरवाल्यालाही तेवढेच. संकटकाळातील साह्य म्हणजे चूल पेटती ठेवण्याचे साधन मानायचे असेल तर हीच पद्धत योग्य. हेक्टरी दर हा नुकसानभरपाईचा हिशेब आहे, आणि २५ हजारांत एक हेक्टर फुलांची भरपाई होत नाही हे कृषी खात्याच्या शिपायालाही कळते. एकाच महिन्यात एकाच सरकारने दोन तत्त्वे वापरली आणि त्यामागचा विचार कोठे मांडला नाही. दुसऱ्या वर्षी, १९ मे २०२१ रोजी, १,२५० कोटींचे साह्य जाहीर झाले तेव्हा फुलांचा दर हेक्टरी १० हजारांवर आला. फळे-भाज्यांनाही तेवढेच. दहा गुंठ्यांना एक हजार रुपये. फुले पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी कमी नासली, असे तर कोणी म्हणाले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे हेक्टर कोणाच्या नावावरचे?

कर्नाटकात आपल्या सातबाऱ्यासारखा जो उतारा आहे त्याला लोक ‘पहाणी’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटावा. आपल्याकडची पीक पाहणी तीच. ‘भूमी’ प्रकल्पातून त्या राज्याने सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले, तेव्हा, म्हणजे या शतकाच्या आरंभी, देशभरातले अधिकारी ते पाहायला बंगळुरूला जात. साह्य वाटताना हाच पाया वापरला गेला. पिकांच्या सर्वेक्षणातून कोणत्या गटात कोणते पीक होते ते कळत होते, उताऱ्यावरून खातेदार कळत होता, आधारशी जोडलेल्या बँक खात्यात रक्कम जात होती. मध्यस्थ नाही, हेलपाटे नाहीत. यंत्रणा म्हणून ही कामगिरी निश्चितच मोठी. परंतु संगणकाने शोधला तो जमिनीचा खातेदार. फुले लावणारा दुसराच कोणी असेल, ही शक्यता त्याला कोणी शिकवलीच नव्हती.

ती का शिकवली नाही याला कायदेशीर कारण आहे. देवराज अर्स यांच्या काळात कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यात झालेल्या दुरुस्तीने १ मार्च १९७४ पासून शेतजमीन कुळाने लावण्यास, सैनिक वगैरे थोडे अपवाद सोडता, बंदी आली. लाखो कुळे मालक झाली. दक्षिणेतील सामाजिक न्यायाचा तो एक मोठा अध्याय आहे. पण कायद्याने कूळ संपले म्हणजे व्यवहारातले कूळ संपले असे होत नाही. ते तोंडी झाले, इतकेच. मालकाला भीती की नाव लागले तर जमीन गेली. कसणाऱ्याला भीती की नाव मागितले तर पुढच्या वर्षी जमीन मिळणार नाही. दोघांच्या संमतीने तिसऱ्याला, म्हणजे सरकारला, अंधारात ठेवले जाते. आणि सरकारलाही अंधार सोयीचा असतो, कारण जे बेकायदा आहे ते अस्तित्वातच नाही असे समजून चालता येते.

महाराष्ट्राने कर्नाटकाला नावे ठेवू नयेत. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आपल्या महसुली इतिहासाचा अभिमानाचा भाग आहे. परंतु जुना सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ‘रीत’ आणि ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ हे रकाने आठवत असतील. त्यात दुसऱ्याचे नाव लिहायला किती तलाठी धजावत, हे या स्तंभाच्या महसूल खात्यातल्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. मालक पुण्यात वा मुंबईत नोकरीला, शेत बटईने, आणि उताऱ्यावर ‘खुद्द’. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात हे चित्र गावोगावी आहे. अर्धलीने शेत करणाऱ्याला ना पीककर्ज मिळते ना अनुदान. त्याला निसर्गाच्या कोपाचा मात्र पूर्ण वाटा मिळतो.

केंद्राचे साह्यही याच वाटेने गेले. २६ मार्च २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींची गरीब कल्याण योजना जाहीर केली. तिच्यात शेतकऱ्यांसाठी काय होते? ८ कोटी ६९ लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात २ हजार रुपये. हा पीएम-किसान योजनेचा नियमित हप्ता होता. वर्षाला ६ हजार रुपयांची ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली होती आणि एप्रिल ते जुलैचा हप्ता महासाथ नसती तरी द्यायचाच होता. तो मुदतीच्या आरंभीच दिला गेला. वेळेवर दिलेल्या पैशाचे मोल कमी लेखायचे कारण नाही, पण त्याला नवे साह्य म्हणणे ही अर्थसंकल्पी हिशेबातील चलाखी होती. आणि ही योजनाही जमिनीच्या नोंदीवर उभी. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावावर शेतजमीन होती तो शेतकरी. खंडकरी, बटईदार, शेतमजूर बाहेर. २०११ च्या जनगणनेने देशात ११ कोटी ८८ लाख शेतकरी मोजले आणि १४ कोटी ४३ लाख शेतमजूर. शेतीवर राबणाऱ्यांतला मोठा गट कोणता, हे या दोन आकड्यांत आहे. बायकांचे काय, तर कृषी गणनेनुसार २०१५-१६ मध्ये देशातील वहिती खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के खाती स्त्रियांच्या नावावर होती. शेतातल्या कामात त्यांचा वाटा केवढा, यासाठी गणना करण्याची गरज नाही.

आता तो तिसरा शेतकरी पाहा, महादेवपुऱ्यातील स्लॅबवरचा. त्याच्या गावच्या खात्यात कदाचित २ हजार रुपये जमा झालेही असतील. तो स्वतः वस्तीत अडकलेला, काम बंद, शिधापत्रिका गावच्या दुकानाशी बांधलेली. जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या दोन महिने आधी, बेलंदूरजवळच्या करियम्मन अग्रहार येथील झोपड्या बांगलादेशी घुसखोरांच्या असल्याच्या संशयावरून पाडल्या गेल्या होत्या. तेथे राहणाऱ्यांत ईशान्य भारतातल्या, बिहारमधल्या मजुरांबरोबर उत्तर कर्नाटकातले, म्हणजे त्याच राज्याचे मतदार असलेले लोकही होते. या वस्त्यांची सरकारदरबारी ओळख एवढीच.

मे २०२० च्या पहिल्या आठवड्यातील घटनाक्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ५ तारखेला मुख्यमंत्र्यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली आणि त्याच दिवशी राज्याने रेल्वेला कळवले की परप्रांतीय मजुरांना नेणाऱ्या विशेष गाड्या ६ तारखेपासून नकोत. ६ तारखेला ते १,६१० कोटींचे साह्य जाहीर झाले. देशभर टीका झाल्यावर ७ तारखेला गाड्यांचा निर्णय मागे घेतला गेला. म्हणजे एका हाताने बांधकाम मजुराला ३ हजार आणि दुसऱ्या हाताने त्याचे तिकीट रद्द. ते ३ हजारही बांधकाम मजूर कल्याण मंडळाकडे नोंद असलेल्यांना. आणि त्या मंडळाचा निधी १९९६ च्या कायद्याप्रमाणे बांधकामाच्या खर्चावरील उपकरातून, मजुराच्याच नावाने जमा झालेला. नोंद नसलेल्याला तेही नाही. गावी तो शेतकरी म्हणून दोन हजारांचा धनी, शहरात मजूर म्हणून बिननावाचा. माणूस एकच, पण सरकारच्या दोन खात्यांनी त्याला एकत्र कधी पाहिलेच नाही.

संसदेने हे पाहिले काय? अर्थसंकल्पी अधिवेशन २३ मार्च २०२० रोजी गुंडाळले गेले ते सभागृह थेट १४ सप्टेंबरला भरले. प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला होता, लेखी उत्तरे तेवढी मिळत होती. त्या पहिल्याच दिवशी श्रम मंत्रालयाच्या उत्तरातून कळले की १ कोटी ४ लाखांहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले. वाटेत किती दगावले, या प्रश्नावर अशी माहिती ठेवली जात नाही असे उत्तर आले. आणि माहितीच नसल्याने भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. संसदीय वार्तांकनात ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा वाचतो की त्याचा अर्थ मनात उमटेनासा होतो. त्या दिवशी तो उमटला. पुढच्याच रविवारी, २० सप्टेंबरला, राज्यसभेत कृषी विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली आणि देशाचे लक्ष तिकडे गेले. ते कायदे १९ नोव्हेंबर २०२१ रोजी मागे घेण्याची घोषणा झाली, त्या मधल्या चौदा महिन्यांत शेतकरी या विषयावर सभागृहात आणि रस्त्यावर एवढे बोलले गेले, पण बटईदार हा शब्द त्या गदारोळात क्वचितच ऐकू आला. आंदोलन मुख्यतः खातेदाराचे होते. त्याच्या मागण्या रास्त होत्या की नव्हत्या हा वेगळा वाद.

कागदावर विसंबण्याचा दुसरा परिणामही सभागृहातच उघड झाला. जुलै २०२१ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी लोकसभेत सांगितले की पीएम-किसानचे पैसे ४२ लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींना गेले असून ती रक्कम सुमारे तीन हजार कोटी आहे. महाराष्ट्राचा वाटा त्यात ४ लाख ४५ हजार खातेदार आणि ३५८ कोटी. हे सारे भामटे नव्हते. त्यांच्यात प्राप्तिकर भरणारे होते, म्हणजे आपल्या परिचयातले सुशिक्षित लोक. उतारा त्यांच्या नावावर होता, स्वयंघोषणा त्यांनीच दिली होती. ज्या यादीने बटईदाराला दाराबाहेर ठेवले, तिने करदात्याला सहज आत घेतले. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: मालकी तपासली गेली, शेती तपासली गेली नाही.

या ठिकाणी अनुभवी अधिकारी एक आक्षेप घेतील आणि तो वजनदार आहे. महासाथीत पंधरा दिवसांत पैसे पोहोचवायचे होते. दारोदार जाऊन कसणारा कोण हे शोधायला गेलो असतो तर पंचनामे होईपर्यंत दुसरी लाट आली असती. हातात जी यादी होती ती वापरली. परिपूर्णतेच्या मागे लागलो असतो तर कोणालाच काही मिळाले नसते. हे २०२० पुरते मान्य केले पाहिजे. किंबहुना त्या एप्रिलमध्ये कोट्यवधी खात्यांत रक्कम गेली हे प्रशासनाचे यशच होते. पण हा बचाव तातडीचा आहे आणि तातडी संपून बराच काळ लोटला. शिवाय इतर राज्यांनी महासाथीच्या आधीच वेगळा मार्ग दाखवला होता. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेत भूमिहीन कुटुंबे आणि वाटेकरी आले होते. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक लावणाऱ्यांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदा केला. मालकीला धक्का न लावता अकरा महिन्यांचा करार आणि त्यावर ओळखपत्र, अशी त्याची रचना आहे. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये भूमिस्वामी आणि बटईदार या दोघांच्या हिताचा कायदा केला. त्याच वर्षी नीती आयोगाच्या तज्ज्ञ गटाने जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला. अंमलबजावणी सर्वत्र चोख आहे असे नाही, मालकाची सही मिळवताना आंध्रातही बटईदाराची दमछाक होते. तरी रकाना आहे, आणि तो भरण्याची कायदेशीर वाट आहे.

कर्नाटकाने त्याच टाळेबंदीच्या वर्षात जमीन कायद्याला हात घातला, पण दुसऱ्या टोकाने. जुलै २०२० मध्ये अध्यादेश काढून कलम ७९-अ आणि ७९-ब रद्द झाली. बिगरशेतकऱ्याला आणि बिगरशेती उत्पन्न विशिष्ट मर्यादेपेक्षा अधिक असणाऱ्याला शेतजमीन घेण्यास त्या कलमांनी मज्जाव होता. कलमे भ्रष्टाचाराचे कुरण झाली होती हा सरकारचा युक्तिवाद पूर्णतः खोटा नव्हता. परंतु अग्रक्रम पाहा. जमीन विकत घेऊ इच्छिणाऱ्याची अडचण महासाथीच्या चौथ्या महिन्यात अध्यादेशाने दूर झाली. जमीन कसायला घेणाऱ्याची अडचण १९७४ पासून तशीच आहे. महादेवपुरा आणि होसकोटेच्या मधल्या पट्ट्यात या निवडीचा अर्थ काय होतो, तेथील एकरी भाव जाणणाऱ्यांना सांगायला नको.

हा सगळा जुना हिशेब आज उकरण्याचे कारण आहे. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये डिजिटल कृषी अभियानाला मंजुरी दिली आणि २०२६-२७ पर्यंत अकरा कोटी शेतकऱ्यांना ओळख क्रमांक देण्याचे लक्ष्य ठेवले. महाराष्ट्राने एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा केला. क्रमांक जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. उद्या अवर्षण असो, अतिवृष्टी असो की नवी साथ, पैसे या क्रमांकावर जातील. २०२० मध्ये जी तातडीची सवलत होती ती आता कायमची चौकट होऊ घातली आहे. बटईदाराला या चौकटीत आणायचे असेल तर ते आत्ता, नोंदणी चालू असतानाच. एकदा कोट्यवधी नोंदी पक्क्या झाल्या की नवा रकाना उघडायला कोणते मंत्रालय तयार होईल?

तंत्राची अडचण म्हणावी तर तीही नाही. ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी चालू आहे. बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढता येते, गट क्रमांक टाकता येतो. त्याच पडद्यावर ‘या हंगामात पीक कोणाचे’ असा एक प्रश्न विचारता येईल. मात्र त्या उत्तरावरून कूळ म्हणून मालकीचा दावा उभा राहणार नाही, अशी तरतूद राज्याच्या कायद्यात आधी हवी. नाहीतर मालक भरू देणार नाही आणि बटईदार भरणार नाही. १९४८ च्या कायद्याने ज्याचे रक्षण करायचे ठरवले, त्याचेच नाव त्या कायद्याच्या धाकाने दडवले जात असेल, तर डाव्यांनीही या दुरुस्तीला विरोध करण्यापूर्वी विचार करावा.

संसदेच्या पातळीवर एक दार उघडले गेले होते. कृषिविषयक स्थायी समितीने, चरणजितसिंग चन्नी यांच्या अध्यक्षतेखाली, डिसेंबर २०२४ मधील अहवालात पीएम-किसानची रक्कम ६ हजारांवरून १२ हजार करण्याची आणि तिचा लाभ खंडकरी शेतकरी व शेतमजुरांनाही देण्याची शिफारस केली. समितीत सत्ताधारी पक्षाचेही सदस्य असतात हे येथे ध्यानात घ्यावे. खात्याच्या नावात शेतमजुरांचा उल्लेख व्हावा असेही समितीने सुचवले. वृत्तपत्रांनी बारा हजारांचा मथळा केला; खंडकऱ्यांचा उल्लेख आतल्या पानांत गेला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ६३,५०० कोटी ठेवले गेले, दर तोच राहिला आणि पात्रतेची व्याख्याही तीच. महाराष्ट्रातील खासदारांना, ते कोणत्याही बाकावर बसोत, या शिफारशीचे काय झाले हे विचारायला एक अतारांकित प्रश्नही पुरेल.

आणि या मजकुराचे जे वाचक दिल्लीत सरकारी सेवेत आहेत वा बंगळुरूत संगणक कंपन्यांत, त्यांच्यापैकी अनेकांच्या नावावर वडिलार्जित सातबारा आहे, शेत गावातला कोणीतरी करतो. शिपाई व तत्सम वर्ग वगळता सरकारी कर्मचारी, प्राप्तिकर भरणारे आणि दरमहा १० हजार वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे पीएम-किसानला अपात्र आहेत. योजनेच्या संकेतस्थळावर लाभ स्वेच्छेने सोडून देण्याची सोय आहे. त्यासाठी आधार क्रमांकाशी जोडलेला मोबाइल लागतो आणि पाच-दहा मिनिटे.